चूलबंद आवतण

अनय आणि ईरा यांस,

तुमच्या आईने पाठवलेल्या फोटोत ती भर रस्त्यात उभी आहे. अंगात पिवळे जाकीट, हातात थाळीएवढी लाल पाटी, आणि दोन्ही बाजूंना थांबलेल्या मोटारी. आठवड्यातून दोन सकाळी ती तिकडे परदेशात तुमच्या शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देते, असे तिने लिहिले आहे. त्याच पत्राच्या तळाशी अनयने स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: आजी, तिला सांग, मला लाज वाटते.

मी तिला काही सांगणार नाही. त्याऐवजी हा लेख लिहिते आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत, आणि एका कामात दुसरे उरकत असेल तर उरकावे अशी माझी पद्धत आहे.

मी धुळ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना महामार्गावर ते गाव लागते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसे दिवाळी अंक वाचतात. मुख्याध्यापिकेचे काम बाहेरच्या माणसाला वाटते तितके शिकवण्याचे नसते. हजेरीपटावर सह्या करणे, गळणाऱ्या कौलांबद्दल पत्र लिहिणे, त्या पत्राचे उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्र लिहिणे आणि माठात पाणी आहे का ते पाहणे, यात दिवस जातो. उरलेल्या वेळात मी इंग्रजी शिकवत असे.

आमची शाळा महामार्गाच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला होते. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून मुलांनी रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचे. मुलगे येत. मुली सातवीला थांबत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे रुजू झाले, तेव्हा आमच्या आठवीच्या वर्गात गावातली एकही मुलगी नव्हती. त्या वर्षी सातवीत अकरा मुली होत्या. मी त्यांची नावे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली. येत्या जूनमध्ये या अकराही जणी आठवीत बसलेल्या दिसल्या पाहिजेत, एवढे एकच काम मी त्या वर्षी स्वतःला लावून घेतले होते.

घरोघर विचारले तेव्हा सगळीकडून एकच उत्तर आले. आदल्या साली एक म्हैस ट्रकखाली गेली होती. म्हैस गावातल्या किराणा दुकानदार शेठजींची होती, पण तिचा दाखला सगळेच देत. "जठे म्हैस वाचनी नही, तठे पोर कशी धाडू?" मुलींना न पाठवण्याची इतरही कारणे होती, हे मला कळत होते. पण ती कारणे तोंडाने सांगायला कोणालाच आवडत नव्हते, आणि म्हशीमुळे सगळ्यांची सोय झाली होती.

माझे शिक्षण इंग्रजीतून झालेले. शाळा चालवण्यावरच्या एका जाड इंग्रजी पुस्तकात 'पालकांचा सहभाग' असे एक पूर्ण प्रकरण होते. पालकांना शाळेत बोलवावे, त्यांच्याशी मैत्री करावी, कामे वाटून द्यावीत, असे त्यात होते. त्याप्रमाणे मी आलेखाच्या कागदावर एक तक्ता केला. आडव्या रांगेत वार, उभ्या रांगेत पालकांची नावे. रोज दोन पालकांनी मुलींना रस्ता ओलांडून द्यायचा. तक्ता फार नीटनेटका झाला होता. आता फक्त पालक हवे होते.

मी पालक सभा बोलावली. मुलांच्या हाती चक्रमुद्रित चिठ्ठ्या दिल्या. त्या गावात शाळेतून चिठ्ठी येणे म्हणजे तक्रार, हे मला ठाऊक नव्हते. एका वडिलांनी चिठ्ठी पाहताच मुलाला दोन ठेवून दिल्या आणि मग ती वाचून घेतली. सभेला चार माणसे आली. एक शेठजी, वर्गणी मागणार असतील तर आधीच नाही सांगून ठेवावे म्हणून. एक आजोबा, शाळेत पंखा आहे म्हणून. उरलेले दोघे भाऊ-भाऊ होते, आणि त्यांची मुले आमच्या शाळेत नव्हती. पुढच्या सभेच्या चिठ्ठीत मी 'काळजीचे कारण नाही' असे ठळक अक्षरात घातले. ते वाचून लोक खरोखर काळजीत पडले आणि आजोबासुद्धा आले नाहीत.

आमच्या शाळेचा शिपाई झिपरू नावाचा होता. उंच, शांत, घंटा वेळेवर देणारा. मी तिसऱ्यांदा चिठ्ठ्यांचा मजकूर लिहीत बसले होते तेव्हा तो पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि उभा राहिला.

"काय झिपरूभाऊ?"

"बाई, कागदवर कोन येस? मानूसले मानूस बलावस."

मग त्याने मला समजावले. गावात लग्नाचे, बारशाचे आवतण तोंडी लागते. हातात तांदूळ घेऊन कोणीतरी उंबऱ्याशी जायचे आणि शब्द द्यायचा. ते काम गावात झिपरूच्या घराण्याकडे होते. त्याचे वडील, आजा, सगळ्यांनी गावाला आवतणे दिली होती. शाळेत तो सहा तास शिपाई होता आणि उरलेल्या वेळात त्याच्याशिवाय गावातले कोणतेही कार्य होत नसे.

"मग तुम्हीच जा," मी म्हणाले. "शाळेला शोभेल असं बोलवा."

इथे मी गावाची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. ती मला स्वतःला चार दिवसांनी कळली. आवतण दोन प्रकारचे. 'घरटी एक' म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसाने यायचे. 'चूलबंद' म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचे, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांचे जेवण बोलावणाऱ्याकडे.

सभा जूनच्या पहिल्या रविवारी ठेवली होती. पेरण्या व्हायच्या होत्या, त्यामुळे लोक मोकळे होते. झिपरूवर भरवसा ठेवून मी साठ माणसांच्या चहाची सोय केली होती. बिस्किटेही होती. माझे भाषण चार पाने होते.

अकराच्या सुमारास मी खिडकीतून पाहिले तर महामार्गावर दोन्ही बाजूंना ट्रक उभे. आग्र्याकडचे वेगळे, मुंबईकडचे वेगळे. मला वाटले, आणखी एक म्हैस गेली. मग दिसले, की रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी हात वर करून उभी आहे आणि तिच्यामागून गाव येते आहे. बायका, पुरुष, कडेवरची मुले, काठी टेकणारे म्हातारे. प्रत्येकाच्या हातात ताट आणि तांब्या होता. सभेला ताट कशाला आणले असावे, याचा मी बराच वेळ विचार केला.

पंख्यासाठी येणारे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, ते सर्वांत आधी व्हरांड्यात पोचले. त्यांनी ताट समोर ठेवले.

"बाई, पंगत कोठे बसाडनी शे?"

मी झिपरूला ऑफिसात बोलावले आणि दार लावून घेतले.

"तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"चूलबंद सांगं, बाई."

त्याने मला चूलबंदचा अर्थ सांगितला. मी खुर्चीवर बसले.

"हे कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्हीनच. शाळाले शोभी असं सांग, म्हने." तो जराही गडबडला नव्हता. "घरटी एक सांगतू ते शाळानी काय इज्जत ऱ्हाती?"

मी बाहेर आले. निंबाच्या सावलीत, व्हरांड्यात, वर्गांच्या पायऱ्यांवर सगळीकडे माणसे बसली होती आणि ताटे मांडली होती. भाषणाची चार पाने माझ्या हातात होती. 'पालक आणि शाळा' असे त्याचे शीर्षक होते. मी ती मागे लपवली आणि सांगितले, की जेवण नाही, चूक माझी आहे, चहा आहे.

मग रस्त्यात हात वर करून उभी राहिलेली ती म्हातारी उठली. तिला गावात सगळे अक्का म्हणत. अकरा मुलींपैकी एक तिची नात होती.

"मी चूल बंद करीसन उनू," अक्का म्हणाली. "आते घर जाईसन पेटाडू का?"

मग ती माझ्याकडे वळली.

"शाळाले चूल नही शे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग चूल मांडी टाका."

पुढची व्यवस्था माझ्या हातात राहिली नाही. दगड आले, सरपण आले. अक्काने बायकांना घरून काय काय आणायचे ते वाटून दिले: तू तांदूळ, तू तुरीची डाळ, तू तेल, तू मीठमिरची. तिने कागदावर काहीही लिहिले नाही आणि कोणाचे नाव दोनदा घेतले नाही. शेठजींच्या दुकानात लग्नाची मोठी पातेली असत. ती आणायला चार पुरुष गेले, मागून शेठजी स्वतः झारे घेऊन आले आणि वर्गणीचा विषय निघाला नाही. खिचडी शिजेपर्यंत बायकांनी सगळी शाळा पाहून घेतली. त्यातल्या बहुतेकींनी ती पहिल्यांदाच आतून पाहिली. नकाशात आपले गाव कुठे आहे ते एकीने विचारले. नकाशात ते नव्हते. मी पेन्सिलने एक ठिपका काढून दिला.

मी व्हरांड्यातून रस्ता पाहत होते. मीठ कमी पडले म्हणून, उलथने राहिले म्हणून, झोपलेले मूल आणायचे म्हणून बायका सारख्या ये-जा करत होत्या. दर वेळी तिघीचौघी एकत्र, पहिलीचा हात वर. ट्रक थांबत होते.

पंगत बसल्यावर मी अक्कासमोर जाऊन उभी राहिले.

"अक्का, आज हा रस्ता तुम्ही किती वेळा ओलांडला?"

तिने बोटांवर मोजले. "पाच डाव."

"मग म्हशीचं काय?"

तिने घास गिळला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हैस एकली व्हती, बाई."

चार पाने लिहूनही मला हे एक वाक्य सुचले नव्हते. मी आत जाऊन माझा तक्ता आणला. अक्काने तो उलटसुलट पाहिला आणि ताट ठेवायला खाली घेतला. मग तिने मला सांगितले, की गावातल्या निम्म्या बायकांची शेते आमच्याच बाजूला आहेत, शेतीची कामे सुरू झाली की त्या रोज जत्थ्याने रस्ता ओलांडतातच, त्यांच्यासोबत मुली येतील. संध्याकाळी त्यांच्याच सोबत परत जातील. हे ऐकून आसपासच्या बायकांनी माना डोलावल्या. सहा महिने मी जे मागत होते ते खिचडीच्या दोन घासांमध्ये ठरले.

"पन आम्हीन आठ वाजता जातस," अक्का म्हणाली. "तवय शाळा कोन उघाडी?"

शाळा अकराची होती. "झिपरूभाऊ उघडतील," मी म्हणाले.

"कुलूप उघाडी तो. पोरीसकडे कोन देखी?" तिने बोट माझ्याकडे केले. "सावड शे बाई. तुम्हले बी पाळी देनी पडी."

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचे, उद्या तू माझ्या. तिथे उसने घेतलेले काम कामानेच फेडतात. इंग्रजी पुस्तकातल्या त्या प्रकरणात पालकांनी शाळेसाठी काय करावे याची मोठी यादी होती. बदल्यात मुख्याध्यापिकेला काय करावे लागेल, हे त्यात दिलेले नव्हते.

मी धुळ्याला राहत होते. साडेदहाला पोचणाऱ्या एस.टी.ने येत होते. आठला पोचायचे तर सकाळी सातची गाडी धरावी लागणार होती. तुमची आई तेव्हा सहावीत होती.

"मी विचार करून सांगते," मी म्हणाले.

"आम्हीन बी असंच सांगतस," अक्का म्हणाली, आणि सगळी पंगत हसली.

मग मला तिथेच हो म्हणावे लागले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या सोमवारी मी आठला पाच कमी असताना व्हरांड्यात उभी होते. शेताकडे निघालेल्या बायका आल्या, त्यांच्यामधून मुली बाहेर आल्या. मी काचेखालच्या यादीवर खुणा केल्या. दहा झाल्या. अकरावे नाव मंगलाचे होते. मंगला झिपरूची मुलगी.

"मंगला कुठे?" मी त्याला विचारले.

"येई," तो म्हणाला.

ती आली नाही. दुसऱ्या आठवड्यात विचारले तर म्हणाला, तिची माय नाही म्हणते. तिसऱ्या आठवड्यात विचारले तर घंटा द्यायला गेला. घंटेची वेळ झाली नव्हती. ज्याने सगळे गाव शाळेत आणले त्याचीच मुलगी घरी होती, आणि त्याचे कारण मला कोणी सांगत नव्हते. शेवटी मी अक्काला गाठले. तिला वाटले, मी चेष्टा करते आहे.

"गावले आवतण झिपरूनी दिनं," ती म्हणाली. "झिपरूना घर कोनी दिनं?"

आवतण देणारा स्वतःच्या घराला आवतण देत नाही. कार्य ज्याचे, त्या घरच्या बाईने स्वतः त्याच्या दारी जायचे असते. गावातल्या लहान मुलालाही हे ठाऊक होते. कार्य शाळेचे होते, म्हणजे बाई मी. त्या रविवारी सगळे गाव शाळेत जेवत असताना गावात एकच चूल पेटली होती.

मी हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ घेऊन गेले. झिपरूची बायको रुखमाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिने मला बसायला पाट दिला आणि सूप खाली ठेवले नाही.

"बठ्ठं गाव शाळामा जेवनं," ती सुपाकडे पाहत म्हणाली. "मनी एकलीनी चूल पेटनी. धूर देखीसन बायका हासनात."

"मला रीत माहीत नव्हती," मी म्हणाले.

"इतलं शिकनात तुम्हीन."

"हे शिकवलं नाही कोणी."

तिने सूप दोनदा हलवले. "मंग आते कसानं बलावनं?"

"जेवायला. धुळ्याला, माझ्या घरी, येत्या रविवारी." मी तांदूळ पुढे केले. "चूलबंद."

पाच माणसे आली. झिपरू नवा सदरा घालून आमच्या बैठकीत इतका ताठ बसला, की तुमच्या आजोबांनाही ताठ बसावे लागले. मी वरण-बट्टी केली होती. खानदेशात पाहुण्याला ती करतात, आणि मला ती येत नाही. बट्ट्या इतक्या कडक झाल्या की एक ताटातून उडून तुमच्या आईच्या पायाशी गेली. रुखमाबाईने दोन खाल्ल्या. वरणात बुडवून, वेळ देऊन, तोंड वाकडे न करता खाल्ल्या. हात धुताना ती मुलीला म्हणाली, "मंगला, इंग्रजी बाईकडे शिक. बट्टी मनाकडेच शिकजो."

सोमवारी अकरा झाल्या. रुखमाबाईचे शेत आमच्या बाजूला नव्हते. ती फक्त पाळीसाठी रस्ता ओलांडून येई आणि परत जाई. ट्रक थांबवण्यात ती अक्कापेक्षाही पुढे गेली. ती हात वरसुद्धा करत नसे, नुसती पाहत असे.

त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी पालक सहभागाची नोंद मागितली. मी खिडकीतून रस्ता दाखवला. त्यांनी तक्ता मागितला. तक्ता होता, त्यावर खिचडीचा डाग होता, आणि एकही चौकोन भरलेला नव्हता. त्यांनी शेरा लिहिला: 'शाळा वेळेच्या तीन तास आधी उघडी आढळली. खुलासा करावा.' मी खुलासा केला. त्याचे उत्तर आले नाही, म्हणून मी स्मरणपत्र पाठवले.

त्या अकराजणींपैकी सात दहावीला बसल्या. काही वर्षे मी हा आकडा 'सातच' असा सांगत असे. नंतर 'च' सोडून दिला. मंगला दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. इंग्रजीत राहिली होती. तो विषय मी शिकवत होते.

सातची गाडी मी निवृत्तीपर्यंत धरली. तुमच्या आईची वेणी तुमच्या आजोबांनी घातली. ती थोडी डावीकडे जाई. तिच्या शाळेतून पालक सभेची चिठ्ठी येई, तिच्यावर मी सही करत असे, आणि सभेला गेले एकदाही नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात एका वर्षी 'पालकांनी शाळेशी संपर्क ठेवावा' असा शेरा आहे. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. तिने मला त्याबद्दल कधी विचारले नाही. फोटोतली ती लाल पाटी मी भिंगाखाली धरून पाहिली. तिने ती अगदी सरळ धरली आहे.

गेल्या महिन्यात मंगला माझ्याकडे आली होती. ती आता धुळ्यातच राहते. तुळशीच्या लग्नानंतर तिच्या मुलीचे लग्न आहे. छापील पत्रिका तिने टेबलावर ठेवली, मग पर्समधून पुडी काढली आणि माझ्या हातावर तांदूळ ठेवले.

"चूलबंद बरं का, बाई," ती म्हणाली.

मी तिला सांगितले, की तुमचे आजोबा गेल्यापासून या घरात घरटी एक आणि चूलबंद यांत फरक उरलेला नाही.

ती घरभर नजर फिरवून भिंतीवरच्या तुमच्या फोटोंपाशी थांबली. "त्यासले बी सांगा," ती म्हणाली. "तुमच्याच चुलीचे ना ते."

तेव्हा सांगते आहे. लग्न गावातच आहे, महामार्गाच्या पलीकडे. रस्ता ओलांडून द्यायला तुमची आई असेलच. आवतण कागदावर चालत नाही, हे झिपरूने मला शिकवले आहे आणि मी ते विसरलेले नाही. मंगलाने दिलेल्या तांदळातले निम्मे मी पुडीत बांधून ठेवले आहेत. तेवढे मी स्वतः तुमच्या उंबऱ्यापर्यंत कसे आणावेत, याची चौकशी करते आहे.